मधाचे दोन वाटेकरी

मध हा पदार्थ मनुष्याला फार प्राचीन काळापासून प्रिय आहे. परंतु त्याची गोडी एकट्या मनुष्यालाच कळली आहे, असे मात्र नाही. रशियन भाषेत अस्वलाला 'मेद्‌वेद' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'मध खाणारा' असा असून, त्याचे दोन अवयव संस्कृतातील 'मधु' आणि 'अद्' म्हणजे खाणे, या शब्दांचे सख्खे नातलग आहेत. ऋग्वेदातही 'मध्वद' हा शब्द आला आहे; पण तेथे तो अस्वलाला नव्हे, तर वृक्षावर बसलेल्या पक्ष्यांना लावलेला आहे. एकाच अर्थाचा शब्द एका देशात अस्वलाच्या वाट्याला आला आणि दुसऱ्या देशात पक्ष्यांच्या. योगायोग असा, की भारताच्या अरण्यांत मधमाश्यांच्या पोळ्यावर हक्क सांगणारे एक अस्वल आहे आणि एक शिकारी पक्षीही आहे.

अस्वल सर्वांच्या परिचयाचे आहे. पक्ष्याचे नाव मात्र थोड्यांनीच ऐकलेले असते. त्याला मधुबाज म्हणतात. पहिले प्राणी वाघ, लांडगा यांच्या मांसाहारी गणात मोडतो. दुसरा गरुड, घार यांच्या कुळातला. कुळाकडे पाहता दोघांनीही रक्तामांसाची शिकार करून पोट भरावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु दोघांनीही कुळाचा मार्ग सोडला आहे. अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या आणि रानातील फळे यांवर जगते, तर मधुबाज मधमाश्यांच्या व गांधीलमाश्यांच्या पोळ्यांतील अळ्यांवर. मधाचे पोळे मात्र दोघांनाही सारखेच प्रिय. एवढ्या भिन्न आकाराच्या दोन जीवांनी एकच अन्न निवडले, तेव्हा निसर्गाने त्यांना कोणती साधने दिली, त्यांत साम्य किती आणि भेद किती, हे पाहण्यासारखे आहे.

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत. त्यांपैकी भारत, नेपाळ व श्रीलंका या देशांत आढळणारे काळे, केसाळ अस्वल महाराष्ट्रातही आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा आणि चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा या अरण्यांत त्याची वस्ती आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ऐंशीपासून एकशे चाळीस किलोग्रॅमपर्यंत भरते. मादी त्याहून बरीच लहान असते. अंगावर लांब, राठ, विस्कटलेले केस, छातीवर पांढुरका अर्धचंद्रासारखा पट्टा, पुढे आलेले फिकट तोंड आणि पुढच्या पायांना बोटाएवढ्या लांब नख्या, असे त्याचे रूप असते.

या लांब नख्यांनी एकदा मोठे विद्वानही फसले. इंग्लंडमधील जॉर्ज शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली या प्राण्याचे वर्णन केले. त्याच्या नख्या लांब आहेत आणि वरच्या जबड्यातील पुढचे मधले दोन दात नाहीत, असे पाहून त्याने त्याची गणना दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लोंबकळणाऱ्या 'स्लॉथ' नावाच्या आळशी प्राण्यात केली. पुढे हा प्राणी अस्वलच आहे, हे सिद्ध झाले आणि शास्त्रात त्याला मध व अस्वल या अर्थांच्या शब्दांवरून नवे नाव मिळाले. इंग्रजी भाषेत मात्र 'स्लॉथ बेअर' हे जुन्या गैरसमजाचे नाव अजून टिकून आहे. वस्तुतः हे अस्वल आळशी मुळीच नाही. रात्रीचे कित्येक तास ते अन्नाच्या शोधात रान तुडवीत असते.

ज्या दोन दातांच्या अभावाने शास्त्रज्ञ फसले, तोच अभाव अस्वलाला उपकारक आहे. वाळवीचे वारूळ पावसाउन्हात दगडासारखे घट्ट झालेले असते. अस्वल आपल्या नख्यांनी ते फोडते. मग उघड्या पडलेल्या भोकाशी तोंड नेऊन ते प्रथम जोराने फुंकर घालते व माती उडवून देते. त्यानंतर ओठ नळीसारखे पुढे काढून वाळवी आत ओढून घेते. पुढचे दोन दात नसल्यामुळे त्या जागी आयतीच वाट तयार झालेली असते. टाळूही खोलगट असतो. या वेळी नाकात धूळ व किडे जाऊ नयेत म्हणून ते आपल्या नाकपुड्या इच्छेप्रमाणे मिटू शकते. या फुंकण्याचा व ओढण्याचा आवाज एवढा मोठा होतो, की शांत रात्री तो शंभर मीटरांवरही ऐकू येतो. लोहाराचा भाता चालावा, तसा हा प्रकार असतो.

आता मधुबाजाकडे पाहावे. आकाराने तो घारीएवढा असतो, आणि आकाशात उडत असताना सामान्य माणूस त्याला घारच समजतो. परंतु घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते. मधुबाजाच्या शेपटीचे टोक गोलसर असून तिच्यावर आडवे गडद पट्टे असतात. त्याची मान लांब व डोके लहान असते. शिकारी पक्ष्याच्या धडावर कबुतराचे डोके बसवले आहे की काय, असे पाहणाऱ्याला वाटते. त्याच्या पिसांचा रंग एकसारखा नसतो. एखादा मधुबाज फिकट पांढुरका, दुसरा तांबूस आणि तिसरा जवळजवळ काळा असू शकतो. त्याचे वजन किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे शंभर मधुबाज एकत्र तोलले, तर त्यांचे वजन एका मोठ्या अस्वलाएवढे होईल.

असा हा हलका पक्षी आग्यामोहोळावर चाल करून जातो, हे ऐकून नवल वाटते. आग्यामाश्यांचे पोळे उंच झाडाच्या फांदीला, कड्याला किंवा इमारतीच्या छज्जाला उघड्यावरच लोंबत असते. ते मीटरभर रुंदही असू शकते, आणि त्याच्यावर हजारो माश्यांचे जिवंत पांघरूण असते. माश्या खवळल्या म्हणजे माणसांना व गुराढोरांना पळता भुई थोडी होते. मधुबाज मात्र पुन्हा पुन्हा झेपावून माश्यांना उठवतो, संधी साधून पोळ्याचा एक तुकडा तोडतो आणि दूरच्या फांदीवर बसून तो सावकाश खातो. त्याला मधापेक्षाही घरांतील मऊ अळ्यांची गोडी अधिक असते. कारण त्याचे व त्याच्या पिलांचे पोषण त्यांच्यावरच होते.

माश्यांचे डंख त्याला कसे सोसतात? याचे उत्तर त्याच्या चेहऱ्यावर आहे. इतर शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांपासून चोचीपर्यंतचा भाग जवळजवळ उघडा किंवा केसांसारख्या विरळ पिसांनी झाकलेला असतो. मधुबाजाच्या चेहऱ्याचा तो भाग लहान, कठीण आणि माशांच्या खवल्यांसारख्या एकमेकांवर दाट बसवलेल्या पिसांनी झाकलेला असतो. ते त्याचे चिलखतच होय. पायांवरही जाड खवले असतात. त्याच्या नाकपुड्या इतर पक्ष्यांप्रमाणे गोल नसून चिरेसारख्या अरुंद असतात, त्यामुळे पोळे उकरताना त्यांत माती किंवा मेण सहज शिरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. अस्वल नाकपुड्या मिटते. मधुबाजाच्या नाकपुड्या जन्मतःच अर्ध्या मिटलेल्या असतात. एक केसाळ चतुष्पाद, दुसरा पिसांचा द्विपाद. दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी अडचण एकच असल्यामुळे तिच्यावरील उपायही सारखाच निघाला. नख्यांचेही तसेच आहे. गरुडाच्या नख्या आकड्यासारख्या वळलेल्या असतात, कारण त्यांना धडपडणारे सावज घट्ट धरून ठेवायचे असते. मधुबाजाच्या नख्या त्या मानाने कमी वाकड्या असतात; जमिनीतील गांधीलमाश्यांचे घर उकरण्यास व जमिनीवर चालण्यास त्या सोयीच्या पडतात. अस्वलाच्या नख्याही वाघाच्या नख्यांप्रमाणे आत ओढल्या जात नाहीत. त्या कुदळीच्या पात्यासारख्या सदैव बाहेर असतात. वाघ आणि गरुड यांची हत्यारे पकडण्याची आहेत, तर अस्वल आणि मधुबाज यांची हत्यारे उकरण्याची आहेत.

तथापि साम्य येथेच संपते आणि भेद सुरू होतो. अस्वलाची भिस्त बळावर व वासावर असते. त्याची दृष्टी अधू असते. परंतु जमिनीखालच्या किड्यांचा वाससुद्धा त्याला लागतो. मधाच्या लोभाने ते अवजड शरीर घेऊन झाडावर चढते, पोळे खाली पाडते आणि मग मध, मेण व अळ्या यांचा एकत्रच समाचार घेते. मधुबाजाची भिस्त दृष्टीवर व पंखांवर असते. तो उंचावरून रान न्याहाळतो, आणि ज्या कड्यावर अस्वलाला पाय ठेवता येत नाही, तेथले पोळेही त्याला मोकळे असते. उलटपक्षी, घट्ट वारुळाच्या पोटातील वाळवी अस्वलाचीच. तिच्यापुढे मधुबाजाचे काही चालत नाही. म्हणून दोघांचे अन्न काही अंशी एक असूनही त्यांच्यात कलह होण्याचे कारण पडत नाही.

अन्न कमी झाले म्हणजे काय करावे, या प्रश्नाची दोघांची उत्तरेही निराळी आहेत. थंड देशांतील कित्येक अस्वले हिवाळाभर गुहेत निद्रा घेतात. भारतातील अस्वलाला तशा दीर्घ निद्रेची गरज नसते. ते आपले रान सोडत नाही. ऋतूप्रमाणे ताट बदलते. उन्हाळ्याच्या आरंभी मोहाची फुले, मग टेंभुर्णी, पुढे जांभळे, हिवाळ्यात बोरे, मधून मधून उंबर व बहाव्याच्या शेंगा, आणि बारमाही वाळवी, असा त्याचा क्रम चालतो. मधुबाजांपैकी काही भारतात कायम राहतात. परंतु उत्तरेकडील थंड प्रदेशांतले मधुबाज हिवाळ्यात दक्षिणेकडे येतात. जपानमधील शास्त्रज्ञांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी काही मधुबाजांच्या पाठीवर लहानशी यंत्रे बसवली व कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने त्यांचा माग काढला. तेव्हा असे दिसले, की ते शरद ऋतूत जपान सोडतात, समुद्र ओलांडून चीनमध्ये येतात, तेथून मलाया द्वीपकल्पावरून इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत जातात आणि वसंतात परत जपान गाठतात. हा एका वेळचा प्रवास जवळजवळ दहा हजार किलोमीटरांचा होतो. अस्वल एकाच रानाचे सर्व ऋतू जाणते; मधुबाज एकाच ऋतूसाठी अनेक देश ओलांडतो.

संगोपनाच्या बाबतीत मात्र दोघेही सारखेच दक्ष आहेत. अस्वलाची मादी बहुधा हिवाळ्यात, गुहेत किंवा बिळात, एक किंवा दोन पिलांना जन्म देते. पिले बाहेर पडू लागली, की ती आईच्या पाठीवर चढून तिचे लांब केस मुठीत घट्ट धरून बसतात. आई चालो वा धावो, पिले पडत नाहीत. पिलांना अशा रीतीने नेहमी पाठीवर वाहणारी अस्वलाची ही एकच जात आहे. पिले दोन वर्षांहून अधिक काळ आईजवळ राहतात. तिच्या पिलांचा बाप त्यांच्याकडे फिरकतही नाही. मधुबाजाची नर-मादी दोघे मिळून उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधतात. मादी बहुधा दोन अंडी घालते, आणि ती उबवण्यापासून पिलांना पोळ्याचे तुकडे आणून भरवण्यापर्यंतचे काम दोघे वाटून घेतात.

एवढे अन्न खाऊन हे जीव रानाला काय परत देतात? अस्वल फळे खाते तेव्हा बिया चावून फोडत नाही. त्या त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि मूळ झाडापासून दूर, खतासकट जमिनीवर पडतात. बहावा, बोर, जांभूळ यांची नवी रोपे अशा रीतीने रानात ठिकठिकाणी उगवतात. जे झाड आज अस्वलाला फळ देते, त्याच्या बियाही तेच अस्वल उद्याच्या रानात पेरते. मधुबाज गांधीलमाश्यांच्या अळ्या खाऊन त्यांची बेसुमार वाढ रोखतो. पोळे मोडल्याने मधमाश्यांची काही हानी होते खरी. परंतु त्या नवे पोळे बांधतात, आणि फुलांवर पराग वाहून नेण्याचे आपले काम पुढे चालवतात. निसर्गात घेणारा तोच देणाराही असतो.

मनुष्याशी असलेल्या संबंधात मात्र अस्वलाचे दैव खोटे ठरले आहे. मधुबाज उंच आकाशात असतो. त्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. अस्वल व माणूस यांची गाठ जमिनीवरच पडते. चैत्राच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात. ती वेचण्यासाठी मेळघाटातील कोरकू किंवा चांदा-गडचिरोलीकडील गोंड कुटुंबे उजाडण्यापूर्वीच रानात जातात. कारण ती फुले त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा आधार असतात. त्याच पहाटे, त्याच झाडाखाली अस्वलही आलेले असते. त्याची दृष्टी अधू. शिवाय खाण्यात गढून गेल्यावर त्याला पावलांची चाहूल लागत नाही. माणूस अगदी जवळ आला म्हणजे ते एकाएकी दचकते. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या वाघ हा त्याचा शेजारी होता, तेथे पळून जाण्यापेक्षा उलटून चाल करणे हेच त्याने शिकलेले असते. बरोबर पिले असली तर मग विचारायलाच नको. अशा प्रसंगी माणसाला भयंकर जखमा होतात, काही वेळा प्राणही जातात.

यात अस्वलाचा दुष्टपणा नाही आणि फुले वेचणाऱ्या मातेचाही अपराध नाही. दोघेही आपापल्या पिलांच्या पोटासाठीच तेथे आलेले असतात. म्हणून उपाय शहाणपणाचाच हवा. रानात एकट्याने जाऊ नये. चालताना बोलत किंवा काठी आपटीत जावे, म्हणजे अस्वल वेळीच बाजूला होते. पुरते उजाडल्यावरच फुले वेचावीत. पिलू दिसल्यास त्याच्याजवळ कदापि जाऊ नये. ज्या डोंगरांवर वाळवीची वारुळे, फळझाडे व गुहा शाबूत असतात, तेथले अस्वल गावाच्या शेताकडे कमी वळते. कर्नाटकात हंपीजवळ दरोजी येथे १९९४ साली खास अस्वलांसाठी अभयारण्य स्थापन झाले, त्यामागे हाच विचार होता.

अस्वलाला माणसाकडून आणखीही एक दुःख भोगावे लागले. दरवेशी लोक आईपासून तोडलेल्या पिलाच्या नाकातून दोरी ओवून त्याला गावोगाव नाचवीत असत. मुले टाळ्या पिटीत, आणि तो नाच म्हणजे वेदनेची धडपड आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलांना संरक्षण मिळाले. परंतु ज्यांचे पोट त्या खेळावर होते, त्यांना दुसरा धंदा मिळेपर्यंत खेळ पुरता थांबला नाही. पुढे अनेक दरवेशी कुटुंबांना निराळे व्यवसाय मिळवून देण्यात आले, त्यांची अस्वले आग्र्यासारख्या ठिकाणच्या आश्रयकेंद्रांत नेण्यात आली, आणि २००९ च्या सुमारास भारतातील रस्त्यांवरचा हा खेळ बंद पडला. प्राण्याची सुटका करताना माणसाच्या भाकरीचाही विचार केला, म्हणूनच हे कार्य तडीस गेले.

अस्वल श्रेष्ठ की मधुबाज, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. बळात पाहिले तर अस्वलाला तोड नाही. चपळाईत व दूरच्या प्रवासात मधुबाजाची बरोबरी अस्वलाला करता येणार नाही. परंतु वारूळ फोडायचे असेल तर पंख काय कामाचे, आणि कड्यावरचे पोळे गाठायचे असेल तर शंभर किलोग्रॅमचे बळ काय कामाचे? ज्याचे काम जसे, तसे त्याचे साधन. या दोघांची बरोबरी करायचीच तर ती एका गोष्टीत होईल. दोघांनाही जुने, उंच झाड लागते. त्याच झाडाला माश्या पोळे बांधतात, त्याच्या शेंड्यावर मधुबाज घरटे करतो, त्याच्या फुलाफळांसाठी अस्वल खाली येते आणि पहाटे माणूसही तेथेच टोपली घेऊन येतो. असे एक झाड तुटले, तर एकाच घावात किती जणांचे ताट हिरावले जाते, हे ज्याला उमगले, त्याला रान राखण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.